रुखवतातल्या तपकिरी बरण्या

मला कुणी भंगारवाली म्हटलं की मी ओ देत नाही. दहिवलीतल्या शेंबड्या पोरांनाही हे आता ठाऊक झालंय. भंगारवाला वजनावर माल घेतो आणि वजनावर विकतो, त्याला बाटली अख्खी काय आणि फुटकी काय, सारखीच. मी बाटली हातात घेते, उजेडात धरते, तिच्या तळाशी काय लिहिलंय ते बघते, झाकण उघडून नाक लावते आणि मग ठरवते. माझ्याकडची वस्तू लोकांच्या स्वयंपाकघरात जाते, त्यात त्यांच्या लेकराबाळांचं खाणं राहतं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी पहिली अट हीच घातली, की माझ्या नावाखाली ‘भंगार व्यवसाय’ असं छापायचं नाही. संपादक हो म्हणालेत. छापून आल्यावर बघू, नाहीतर त्यांना शेडवर येऊन बाटल्या घासायला लावीन.

धंदा काय ते आधी सांगते, कारण पुष्कळांना हा धंदा आहे हेच माहीत नसतं. कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊस आणि रिसॉर्ट इतकी झालीत, की शनिवार-रविवारी इथं गावातल्यांपेक्षा पाहुणेच जास्त दिसतात. ते येतात, खातात, पितात आणि सोमवारी त्यांच्या मागच्या दाराशी बाटल्यांचा ढीग पडतो. कॉफीच्या, जॅमच्या, मधाच्या, सॉसच्या, ती खारट हिरवी ऑलिव्ह असतात त्यांच्या आणि अर्थात दारूच्या. आमचे हे टेंपो घेऊन वॉचमन लोकांकडून त्या गोळा करून आणतात. ह्यांचं काम तिथं संपतं. बाटल्या उतरवून ठेवल्या की हे चहा घेऊन खुर्चीत, आणि मी पाटावर.

मग मी प्रत्येक बाटलीला तिचं माहेर विचारते. माहेर म्हणजे ती पहिल्यांदा कशासाठी भरली होती ते. खाण्याच्या जिनसेचं माहेर असेल तर ती सरळ आत. दारूची असेल तर वेगळा ढीग. औषधाची, फिनेलची, रंगाची, शेतातल्या फवारणीची असेल, तर ती माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि जिचं माहेर कळतच नाही, तीही येत नाही, मग ती दिसायला कितीही देखणी असो. हा एक नियम मी कधी मोडला नाही. ह्या नियमापायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

धुणं म्हणजे नुसतं विसळणं नव्हे. आधी बाटल्या कोमट पाण्यात भिजत घालायच्या म्हणजे कागद सुटतो. गोंद राहतोच, त्यावर खाण्याचं तेल आणि सोडा चोळायचा. मग पाणी थोडं थोडं गरम करत न्यायचं. एकदम कढत ओतलं की काच तडकते, आणि तडकलेली बाटली हातातच दोन होते, त्याच्या खुणा माझ्या बोटांवर आहेत. काच वास धरून ठेवत नाही. वास धरतं ते झाकण. झाकणाच्या आत एक मऊ चकती असते, ती आधीचं सगळं पिऊन बसलेली असते. म्हणून मी झाकणं वेगळी उकळते, उन्हात टाकते, आणि त्यावरही वास राहिला तर फेकून देते. गंजलेलं झाकण तर लोणच्याला विषच. ज्या बरणीला धड झाकण मिळत नाही तिला मी सांगते, दादरा बांधा. स्वच्छ धुतलेलं फडकं तोंडावर ओढून दोऱ्यानं आवळून बांधायचं, आपल्या आज्या हेच करत होत्या आणि त्यांची लोणची काही वाईट नव्हती.

दारूच्या बाटल्यांचं मात्र आमच्याकडं वेगळंच चालतं. काच जाड, मान निमुळती, धार बारीक पडते, तेलाला आणि कोकमाच्या आगळाला तिच्यासारखी बाटली नाही. पण बायका हात लावत नाहीत. “मावशी, सासरे बघतील ना गं!” सासरे काय बघतात हे मला चांगलं माहीत असतं, पण मी गप्प बसते. एकदा जवळच्या गावातल्या देवळाचे पुजारी आले. समईत तेल घालताना सांडतं म्हणाले, बारीक धारेची बाटली हवी. सगळ्या बघितल्या आणि शेवटी नेमकी ती चौकोनी, जाड बुडाची उचलली. मी हसू दाबलं. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली, दोन पावलं गेले आणि परत आले. “मावशी, हिचं माहेर तेवढं कुणाला सांगू नका.” आज सांगितलं, पण गावाचं नाव कुठं घेतलंय?

आणखी एक मुंबईच्या बाई. त्यांच्या फार्महाऊसवरून ह्यांनी पोतंभर जॅमच्या बरण्या आणल्या होत्या. मी धुतल्या, पुसल्या, गळ्याला सुतळीची गाठ मारली, आणि शिळफाट्याला मी टेबल मांडते तिथं ठेवल्या. बाई गाडी थांबवून उतरल्या, “अय्या, कित्ती गावरान!” म्हणत सहा उचलल्या. मी म्हटलं, “बाई, ह्या तुमच्याच हायेत.” त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पैसे देऊनच गेल्या. आता त्या बरण्या धुऊनच पाठवतात, त्यामुळं त्यांच्यावर माझा जीव आहे.

असं हसत-खेळत चाललेलं असताना वनिता आली.

वनिता साजगावच्या बाजूला राहते. तिथल्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडं पॅकिंगचं काम करते. नवरा लवकर गेला, एकुलती लेक प्रणाली, तिला हिनं एकटीनं वाढवली. प्रणालीचं लग्न कर्जतकडच्या चांगल्या घरात ठरलं होतं, घरची भातशेती, मुलगा नोकरीला. वनिता नेहमीचं गिऱ्हाईक, माझ्याकडूनच मिठाच्या आणि मसाल्याच्या बरण्या नेणारी. त्या दिवशी आली ती तोंडभर हसत.

“मावशी, रुखवतासाठी बरण्या पायजेत. मोठ्या तोंडाच्या. सगळ्या एकसारख्या.”

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी लग्नात मांडलेला संसार. हल्ली लोक थर्माकोलचे महाल नि रुखवताच्या पाट्या विकत आणतात. वनितानं ठरवलं होतं, खरं मांडायचं. लोणची, सांडगे, कुरडया, पापड, मेतकूट, मसाले, तूप, लेकीला वर्षभर पुरेल एवढं, आणि सगळं स्वतःच्या हातचं. कामावरून आल्यावर ती कुरडया घालायची, सुट्टीच्या दिवशी मसाला कुटून आणायची.

मी तिला बरण्या दाखवल्या. कॉफीच्या चौकोनी, मधाच्या गोल, एक उंच, एक बुटकी. माझ्याकडं माल येतो तो असाच, दहा घरचा. तिनं नाक मुरडलं.

“सावत्र भावंडांसारख्या दिसतात गं. त्यांच्याकडची माणसं बघून हसतील.”

“वरनं एकाच कापडाचे दादरे बांधू. शोभतील.”

“नको मावशी. माझ्या पोरीला बाप नाय म्हणून काय बी मांडलंय, असं कुणी म्हणायला नको.”

ती रिकाम्या हातानं गेली. मला वाईट वाटलं, पण एकसारख्या बरण्या मी आणू कुठून?

त्याच्या थोडंसं आधीची गोष्ट. साजगावकडचा एक भंगारवाला माझ्याकडं माल घेऊन आला होता. खरा भंगारवाला, वजनवाला. पोत्यात तपकिरी काचेच्या बरण्या, रुंद तोंडाच्या, जाड काळ्या झाकणांच्या, सगळ्या जुळ्या बहिणी. इतकी सुंदर काच मी क्वचित बघितली असेल. पण एकदोनांवर लाल चौकटीतला धोक्याचा कागद अजून तसाच होता. कुठल्या तरी रसायनाच्या कारखान्यातला माल. आत काय होतं ते ना त्याला सांगता आलं, ना मला वाचता आलं. मी म्हटलं, “ह्या परत ने आणि काच वितळवायला दे. कुणाच्या घरात देऊ नकोस.” तो म्हणाला, “धुतल्यावर काय राहतंय, मावशी?” मी म्हटलं, “तुझ्या पोराला हिच्यात दूध देशील?” त्यानं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. वितळवायलाच देतो म्हणाला आणि गेला.

लग्न शिळफाट्याजवळच्या हॉलमध्ये होतं. मी नवीन साडी नेसून गेले, हेही इस्त्रीचा शर्ट घालून. दारातच रुखवताचं टेबल मांडलेलं, भोवती बायकांची गर्दी, सगळ्यांच्या तोंडून वाहवा. मी वाट काढत पुढं झाले. टेबलावर त्याच तपकिरी बरण्या. घासून लखलखीत केलेल्या, गळ्यात जरीच्या फिती, प्रत्येकीवर सोनेरी कागदावर नाव. कैरीचं लोणचं. लिंबाचं लोणचं. मेतकूट. साजूक तूप.

वनिताला बाजूला घेतलं. तिच्या अंगावर नवं लुगडं, डोळ्यांत झोप नाही, पण चेहरा उजळलेला.

“वनिता, ह्या कुठनं आणल्यास?”

“आमच्या नाक्यावरच्या भंगारवाल्याकडनं. कशा हायेत? एकसारख्या मिळाल्या शेवटी!”

मी तिला त्या बरण्यांचं काय ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“मी राख लावून घासल्यात. चिंच लावली. उन्हात ठेवल्या. हुंगून बघ, कसला वास येतोय का?”

इथं आपल्या बायकांची चूक होते, आणि ती फक्त आपणच करू शकतो. पिढ्यान् पिढ्या आपण तांब्या-पितळेची भांडी राख-चिंचेनं घासली, भांडं चकाकलं की शुद्ध झालं, वास गेला की दोष गेला. आपल्याकडं भांड्याची परीक्षा डोळ्यानं आणि नाकानं. कारखान्यातून आलेली बरणी ह्या परीक्षेला बसतच नाही, हे वनिताला कुणी शिकवायचं? तिनं तिच्या आईनं शिकवलं ते सगळं चोख केलं होतं. मी एका बरणीचं झाकण फिरवून तिला दाखवलं. आतल्या चकतीला निळसर डाग होता. बरणी गच्च भरलेली, लोणच्याचं तेल त्या चकतीला लागत होतं.

“मसाल्याचा आसंल,” वनिता म्हणाली. पण तिला स्वतःलाच ते पटलेलं दिसत नव्हतं. मग तिनं माझा हात धरला. “मावशी, पाया पडते. लगीन लागूदे. लेक सासरी जाऊदे. मग मी सांगते तिला, सगळं टाकून दे म्हणून. आता नको.”

मी ऐकलं. अक्षता पडेपर्यंत गप्प बसले. रुखवत टेंपोत चढेल, घरी जाईल, उद्या-परवा वनिता लेकीला सांगेल, आणि कुणाचीच शोभा होणार नाही, असा मीही हिशेब केला.

पण मुलाकडच्यांच्या घरची एक रीत होती, ती मला माहीत नव्हती. त्यांच्यात विहिणींच्या पंगतीला पहिलं वाढायचं ते रुखवतातलं लोणचं. सुनेच्या माहेरची चव आधी जिभेला लागली पाहिजे, मग बाकीचं जेवण. पानं मांडली गेली, रांगोळ्या झाल्या, विहीणबाई मध्ये बसल्या, शेजारी त्यांच्या जावा आणि नणंदा, मांडीवर एकीचं लहान मूल. आणि वनिताची वहिनी रुखवताच्या टेबलाकडं आली, कैरीच्या लोणच्याची बरणी उचलायला.

मी तिच्या आधी पोचले आणि झाकणावर हात ठेवला.

“ह्यातलं वाढायचं नाय.”

वहिनीला वाटलं मी चेष्टा करते. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. वनिता लांबून बघत होती, तिनं मान हलवली, नको, नको. मी तिच्याकडं बघणं सोडून दिलं. विहीणबाईंना मी सरळ सांगितलं, की ह्या बरण्या खाण्याच्या नाहीत, ह्यांचं माहेर रसायनाच्या कारखान्यातलं आहे, ह्यातलं काही कुणी तोंडात घालू नका.

मग जे व्हायचं ते झालं. नवऱ्या मुलाचा मामा उठला. “ही कोण लागून गेली? भंगारवालीला कुणी मधे बोलायला सांगितलं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी भंगारवाली नाय. भंगारवाल्यानंच ह्या इकल्यात. मी नाय इकल्या, म्हणून तर बोलते.”

“काय होतं ह्याच्यात? सांग ना! इख होतं का?”

“मला काय म्हाईत?” मी म्हटलं. “मला म्हाईत नाय, तुमाला नाय, जिनं भरल्या तिला नाय. म्हाईत आसतं तर मी बी शांत बसले आसते. कुणालाच म्हाईत नाय, आन् तुमी पोराला मांडीवर घेऊन खायला बसलाय!”

ज्या बाईच्या मांडीवर मूल होतं तिनं ते उचलून खांद्यावर घेतलं. मामा आणखी काही बोलणार होता, तेवढ्यात स्टेजवरून प्रणाली उतरून आली. शालू सावरत, मुंडावळ्या बाजूला करत. तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती माझ्यासमोर उभी राहिली.

“मावशी, नक्की?”

“बाय, बरण्या नक्की त्याच. पुढचं मला बी सांगता यायचं नाय.”

तिनं टेबलाकडं बघितलं. आईच्या हातचं सगळं तिथं मांडलेलं होतं. मग तिनं वाकून टेबलाखालचं रिकामं पोतं ओढलं आणि एकेक बरणी त्यात ठेवायला लागली. नवरी हिरव्या चुड्याच्या हातांनी स्वतःचं रुखवत पोत्यात भरते आहे, असं दृश्य त्या हॉलनं बघितलं नसेल. कुणी पुढं आलं नाही. मग विहीणबाई पानावरून उठल्या आणि पोत्याचं तोंड धरून उभ्या राहिल्या. पंगतीला केटररचं लोणचं वाढलं.

ते पोतं आमच्या टेंपोतून मीच नेलं. जे भरलं होतं ते खड्डा करून पुरलं. बरण्यांतल्या कुरडया पुरताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, एक मोडलेली नव्हती. मग बरण्या पोत्यात घालून वर लोखंडी पहारीनं फोडल्या, म्हणजे पुन्हा कुणाच्या नजरेला भुरळ पडायला नको. तो भंगारवाला नंतर भांडायला आला, मी त्याचा धंदा बुडवला म्हणून. त्याला मी काय सुनावलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

वनिता माझ्याशी बोलायची बंद झाली. “माझ्या लेकीचं रुखवत मोडलंस तू,” एवढं म्हणाली ती तिथंच, हॉलच्या पायरीवर. नंतर बाजारात समोरून आली की रस्ता ओलांडायची. लोकही बोलले, अजून बोलतात. काही झालं नसतं, उगाच बाईनं शोभा केली. चकतीवरचा डाग मसाल्याचाच असेल. असेलही! त्या बरण्यांत काय होतं ते आजतागायत मला कळलेलं नाही, आणि कुणी ते सिद्ध करून दाखवलं नाही, ना माझ्या बाजूनं ना माझ्याविरुद्ध. मला वाईट ह्याचंच वाटतं, की अक्षता पडेपर्यंत मी थांबले. दारात बघितलं तेव्हाच सगळं उचललं असतं तर वनिताला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं नसतं. पण उचलायला नको होतं, असं माझ्या तोंडून कुणी वदवून घेऊ नये. उद्या पुन्हा तेच टेबल समोर आलं तर मी पुन्हा झाकणावर हात ठेवीन, समोर मामा असो नाहीतर मंत्री.

यंदा कैऱ्यांच्या दिवसांत प्रणाली शेडवर आली. पोट दिसायला लागलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. म्हणाली, “मावशी, लोणचं घालायचंय. सासूबाईंनी पाठवलंय. म्हणाल्या, बरण्या आणायच्या तर तिथनंच.” तिनं चौकोनी घेतली, गोल घेतली, एक उंच, एक बुटकी. प्रत्येक बरणी हातात घेऊन विचारत होती, हिच्यात काय होतं, हिच्यात काय होतं, आणि मी सांगत होते, कॉफी, मध, जॅम. सगळं विचारून झाल्यावरच तिनं त्या पिशवीत भरल्या.

रस्त्यापलीकडं रिक्षा उभी होती. आत वनिता बसलेली, तोंड दुसरीकडं फिरवून. मी हाक मारली. तिनं ऐकलं, पण वळली नाही. प्रणाली ओशाळली, “आई अजून...” म्हणत थांबली. मी म्हटलं, “आसूदे गं. तिला राग धरूदे, तिचा हक्क हाय.”

रिक्षा गेली. वनितानं जन्मभर माझ्याशी बोलू नये, माझी हरकत नाही. तिचं नातवंड ज्या बरणीतलं खाईल, तिचं माहेर मला माहीत आहे.